गळ्यात काही ठेवू नये

भिवंडी,
शुक्रवार, १५ एप्रिल १९८८

ती. दादास,
गोदूचा नमस्कार. आईच्या पाया पडते. मुलांची परीक्षा संपली असेल.

आज शुक्रवार, लूम बंद. रमजान तोंडावर आलाय, म्हणून ज्यांना छातीचा फोटो काढायचा होता ते सगळे आजच उरकायला आले. सकाळी जाऊन डार्करूममधल्या टाक्यांचं पाणी बदललं. दुपारी डबा खाल्ला, वांग्याची भाजी होती. संध्याकाळी शेवटच्या फिल्मा वाळत टाकून घरी आले. लूम बंद असले की लाईट सारखी राहते आणि फोटो स्वच्छ येतात. इतर दिवशी लाईट वरखाली होते, फिल्म फिकी पडते. आज एकही फोटो परत काढावा लागला नाही.

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. काय लिहावं ते ठरत नव्हतं म्हणून उशीर झाला.

पडघ्याच्या माणसाबद्दल तू लिहिलंस. त्याचा टेम्पो आहे, दोन मुलं आहेत, पहिली बायको गेली, माणूस निर्व्यसनी आहे. असेल. मी त्याला नावं ठेवत नाही. पण त्याच्या घरच्यांनी अट घातली आहे की मी आधी एक्स-रे मशीनचं काम सोडायचं, कारण त्या किरणांनी बाईची कूस जळते. दादा, बटण दाबताना मी शिशाच्या पडद्यामागे उभी असते आणि अंगात शिशाचा एप्रन असतो. एप्रन ह्यांचाच आहे. मला मोठा होतो, नाडी कमरेभोवती फिरवून घ्यावी लागते. खांदे दुखतात, पण कूस जळत नाही. हे त्यांना कळवायची गरज नाही. मला तिथे जायचं नाही, एवढं कळव.

गावात कोण काय बोलतं तेही लिहिलंस. गोदू अंधाऱ्या खोलीत काम करते, उघड्या छातीच्या परपुरुषांना खांद्याला धरून उभं करते. खरं आहे. दोन्ही करते. खोली अंधारी नसेल तर फिल्म खराब होते आणि सदरा काढला नाही तर बटणं दिसतात. लोकांना आणखी काही विचारायचं असेल तर तेही सांगेन.

तुला एक गंमत सांगते. लूमवर काम करणाऱ्यांना कमी ऐकू येतं. दिवसभर त्या खटखटीत उभं राहून कान जातात. त्यांना हळू आवाजात सांगून उपयोग नसतो, ओरडावं लागतं. घरात माझा आवाज कधी कोणाला ऐकू आला नाही, तू मला मुकी म्हणायचास. ती मी आता दिवसभर ओरडते, "साँस लो! रोको! छोडो!" सुरुवातीला एकदा मी "रोको" म्हणाले आणि "छोडो" म्हणायची विसरले. आजमगढचा एक म्हातारा होता. लाल होऊन उभा राहिला, शेवटी हाताने खुणा करायला लागला. सुटल्यावर म्हणाला, "बिटिया, फोटो निकालती हो कि जान?" अख्खा दवाखाना हसला. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी.

आता महत्त्वाचं. इक्बालभाई, म्हणजे हे गेल्यावर ह्यांच्या जागी ठाण्याहून आलेले टेक्निशियन, पुढच्या वर्षी दिवाळीनंतर सौदीला जाणार आहेत. फखरुद्दीन डॉक्टर म्हणाले, "कोर्स कर, जागा तुझी. कागदाशिवाय मी तुला एकटीला मशीनवर उभं करणार नाही." कोर्स मुंबईच्या सरकारी हॉस्पिटलात आहे, एका वर्षाचा. बारावी सायन्स लागते. तीही तूच करू दिलीस, सगळे नको म्हणत असताना. मी अर्ज भरला आहे. तुला विचारून भरायला हवा होता असं तू म्हणशील. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, म्हणून विचारलं नाही.

वहिनीचा खोकला अजून थांबला नाही असं लिहिलंस. गवताच्या गाठी बांधायचा हंगाम आहे, वखारीतली धूळ छातीत जाते, असं तू दरवर्षी म्हणतोस. असेलही. पण धुळीचा खोकला वखार बंद झाली की थांबतो, आणि वहिनी दिवाळीपासून खोकते आहे. शिवाय तू लिहिलंस की मार्चमध्ये ती फोटो काढायला भिवंडीला आली, पण मशीन बंद होतं म्हणून तशीच परतली.

मशीन बंद नव्हतं. बाकी वहिनीला विचार.

आईची काळजी घे.

तुझी,
गोदू


भिवंडी,
सोमवार, २ मे १९८८

ती. दादास,
नमस्कार.

आज कामावर गेले, आले. रोजे चालू आहेत, इक्बालभाई दुपारनंतर गप्प असतात, मी तर आधीपासूनच गप्प. काम छान होतं.

तुझं पत्र वाचलं. तू वहिनीला विचारलंस आणि ती म्हणाली की गोदूने माझ्या गळ्याला हात घातला. तू लिहितोस, "सख्ख्या वहिनीच्या मंगळसूत्राला हात घालायची बुद्धी तुला कशी झाली?"

मी लिहिणार नव्हते. आता लिहिते.

दवाखान्यात भिंतीवर पाटी आहे. "फोटोच्या वेळी गळ्यात काही ठेवू नये." ह्यांनीच रंगवलेली. मणी, वाटी, ताईत, साखळी, जे काही असेल ते फोटोत पांढरं उमटतं आणि खालचं दिसत नाही. वहिनी आत आली. मला बरं वाटलं, गावचं माणूस बऱ्याच दिवसांनी. मी पाणी दिलं. पडदा ओढला आणि म्हटलं, "वहिनी, गळ्यातलं काढून दे, मी सांभाळते." हात पुढे केला. तिच्या गळ्यापर्यंत गेला नाही, नुसता पुढे केला.

वहिनी माझ्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुज्या हातात?"

एवढंच. पदर सावरला आणि चालू लागली. रंगूबाई, आमच्याकडे झाडलोट करते ती, मागून ओरडली, "अगो बाय, फोटो तरी काड!" ती वळली नाही. एस.टी. पकडून गेली आणि तुला सांगितलं की मशीन बंद होतं.

दादा, मागच्या वर्षी आपल्या ओट्यावर माझं मंगळसूत्र उतरवलं, ते वहिनीच्या हाताने. बाकीच्या बायका मागे सरल्या होत्या, कोणीतरी करायला हवं म्हणून ती पुढे झाली. रडत होती. मी तिला तेव्हा दोष दिला नाही, आजही देत नाही. पण तिच्या हाताने माझं उतरलं ते चाललं, आणि माझ्या हातात तिचं घटकाभर ठेवायचं तर तिला भीती. यात माझा हात कुठे चुकला ते तू मला सांग. तू गावात चार माणसांचे तंटे सोडवतोस.

ती एकटी नाही. बऱ्याच बायका आधी माझ्या कपाळाकडे बघतात आणि मग गळ्यातलं मुठीत धरतात. इक्बालभाईंना तर त्यांना सांगताच येत नाही. ते म्हणतात, "ताई, मी आतून म्हणतो काढा, आणि बाहेरून नवरा दार ठोकतो." मग बायकांनी स्वतःच एक युक्ती काढली होती. मंगळसूत्र वर ओढून दातात धरायचं. वाटी तोंडात आणि मणी मानेच्या दोन्ही बाजूंनी. फोटो निघायचा. मलाही वाटलं, जमलं.

इक्बालभाईंनी एक फिल्म उजेडावर धरून मला दाखवली. मण्यांची ओळ बरोबर गळ्याच्या हाडाजवळ, छातीच्या वरच्या कोपऱ्यात उमटली होती. म्हणाले, "टीबी पहिल्यांदा बसतो कुठे? इथेच. आणि आपण इथेच मोती मांडून ठेवलेत."

त्या दिवशी घरी येताना मला आपल्याकडची रीत आठवली. मंगळसूत्र तुटलं आणि सोनाराकडे द्यावं लागलं, की तोवर बाई हळदीचा दोरा गळ्यात बांधते. गळा क्षणभरही रिकामा राहत नाही. आणि सुताचा दोरा किरणांना दिसतच नाही. हारून म्हणून एक विणकर आमच्याकडे इंजेक्शनला येतो. त्याच्याकडून सुताची कांडी मागून घेतली. दोरे कापले, हळदीत भिजवले, फिल्मा वाळवायच्या चिमट्यांना लावून वाळवले. आता बाई आत आली की मी तिला दोरा देते. आधी तो तिने स्वतः बांधायचा, मग मंगळसूत्र तिनेच काढायचं आणि स्वतःच्या पदराला गाठ मारून ठेवायचं. माझ्या हातात काही द्यायचं नाही. हल्ली एकही बाई परत जात नाही.

त्यात एक खोट आहे. हळद मी लावते. ते कळलं तर बायका दोराही घेणार नाहीत, म्हणून रंगूबाई दाराशीच सगळ्यांना सांगते, "हलद मी लावलीय, माजा नवरा जिता हाय. घरात दारू पिऊन पडलाय, पन हाय!" बायका हसतात आणि दोरा बांधतात. मला ते आवडत नाही, तरी मी दोरे पुढे करते.

वहिनीला सांग, दोरा आहे. यावं. आणि तू लिहिलंस की फोटो काढायचाच असेल तर कल्याणला काढू. काढा, पण काढा. हंगाम संपल्यावर, लग्नं उरकल्यावर, असं नको. तुला राग आला असेल तर माझ्यावर काढ, तिच्या छातीवर काढू नको.

पडघ्याच्या लोकांना तू अजून नाही म्हणाला नाहीस असं आईच्या निरोपावरून कळलं. मी म्हणाले आहे. तुझं म्हणायचं राहिलंय.

गोदू


भिवंडी,
रविवार, १२ जून १९८८

ती. दादास,
गोदूचा नमस्कार.

आज रविवार, सुट्टी. कपडे धुतले. तांदूळ निवडले. आई आणि वहिनी रंगूबाईकडे गेल्या आहेत. हो, दोघी माझ्याकडे आहेत. तू मुंबईहून गवताचा ट्रक रिकामा करून परत येशील तेव्हा घराला कुलूप दिसेल आणि मुलं शेजारच्या काकींकडे. घाबरू नको म्हणून हे पत्र गावच्या कंडक्टरच्या हाती पाठवते आहे. आईवर ओरडू नको. तिला मी बोलावलं नव्हतं. गुरुवारी वहिनीला खोकताना रक्त पडलं, आणि आई तिला घेऊन पहिल्या एस.टी.ने निघाली.

परवा शुक्रवारी दोघी दवाखान्यात आल्या. वहिनी किती वाळली आहे ते तुला रोज बघून कळलं नसेल. मी तिला बाकावर बसवलं आणि दोरा पुढे ठेवला. कसं करायचं ते सांगितलं. तिने दोरा घेतला, बोटाने चोळला. पिवळी बोटं बघत म्हणाली, "हलद कोनी लावली?"

रंगूबाईने तोंड उघडलंच होतं. तिच्याआधी मी म्हटलं, "मी."

दादा, मला माहीत होतं ती उठून जाऊ शकते. रक्त पडलेलं माणूस पुन्हा एस.टी.त बसून गावी दिघाशीला गेलं असतं आणि दोष मलाच आला असता. एक शब्द खोटा बोलले असते तर काम झालं असतं. रोज दुसऱ्यांच्या बाबतीत होतच होतं. पण तिच्याशी मी ते बोलू शकले नाही. आपल्या घरातच माझा हात लपवून ठेवायचा तर मग मी बाहेर कोणापुढे तो काढणार?

आई म्हणाली, "गोदू, आसं काय बोलतेस, तिला बांधू दे की." वहिनीने दोरा मांडीवर ठेवला. मग मला काय झालं कळलं नाही. लूमवाल्यांशी ओरडते तशी ओरडले. म्हटलं, "हळद मी लावलीय! दर शुक्रवारी मीच लावते! भिवंडीच्या निम्म्या बायकांनी ती गळ्यात बांधलीय, त्यांचे नवरे बाहेर बाकावर विड्या ओढत बसलेले असतात, एकही मेला नाही! पटलं तर बांध. नाही पटलं तर दातात धर, नाहीतर गळा मोकळा ठेव. पण फोटो काढल्याशिवाय मी तुला एस.टी.त बसू देणार नाही!"

बाहेरच्या बाकावरचे लोक माना वळवून बघायला लागले. इक्बालभाई दारातून मागच्या मागे गेले.

वहिनी खोकली. खोकून झाल्यावर म्हणाली, "वरडतेस कशाला? मी काय बहिरी हाय?"

आणि दोरा उचलून बांधला. गाठ बसायला वेळ लागला. मी मदत केली नाही. मग मंगळसूत्र काढलं, पदराला बांधलं, वर आणखी एक गाठ मारली. माझ्या हातात दिलं नाही. नाही दिलं तरी चालेल. मला ते हातात नकोच होतं, मला तिच्या छातीचा वरचा कोपरा हवा होता.

फोटो मी काढला. इक्बालभाई मागे उभे होते, पण बटण मी दाबलं. पहिल्यांदा तिला श्वास रोखता आला नाही, खोकला आला. दुसऱ्यांदा रोखला. मी "सोड" म्हणायला विसरले नाही.

फिल्म मीच धुतली. तांबड्या उजेडात आधी काही दिसत नाही, मग हळूहळू हाडं येतात. उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या खाली, डाग होता. ढगासारखा. बरोबर तिथे, जिथे मणी आले असते. डॉक्टरांनी ओली फिल्मच उजेडावर धरली आणि म्हणाले, "सापडलं. वेळेत सापडलं." काल थुंकी तपासली, तिथेही दिसलं. टीबी आहे. बरा होतो, दादा. औषध घेतलं तर पूर्ण बरा होतो. कालपासून इंजेक्शन सुरू केलं आहे, ते रोज घ्यावं लागतं, म्हणून वहिनी आता माझ्याकडे राहील. दिघाशीला रोज इंजेक्शन कोण देणार? तू न्यायला येऊ नको. भेटायला ये. येताना मुलांना आण, त्यांच्याही छातीचे फोटो काढायचे आहेत, आणि तुझाही.

फोटो झाल्यावर वहिनीने मंगळसूत्र परत घातलं. दोरा अजून गळ्यातच आहे. सोडायचा विसरली की ठेवला, मी विचारलं नाही. काल वाटीतली हळद संपलेली तिने बघितली आणि फळीवरची पुडी काढून माझ्यापुढे ठेवली.

शुक्रवारपासून मी रंगूबाईला सांगितलं आहे, दाराशी खोटं बोलायचं नाही. ती म्हणाली, "बाया जातील गो." म्हटलं, "गेल्या तर मी ओरडेन. मला आता येतं."

कोर्सच्या यादीत माझं नाव लागलं आहे. एक जुलैला हजर व्हायचं. मुंबईला रोज जाऊन येईन, वहिनीचं इंजेक्शन दवाखान्यात देतील. मी जाणार आहे.

तू प्रत्येक पत्रात एकच विचारतोस, दुसरी कामं नव्हती का, शिवण होतं, बालवाडी होती, हेच का? मी प्रत्येक वेळी दुसरं काहीतरी लिहिलं. आज घरात कोणी नाही, तर लिहिते.

अपघाताच्या दिवशी ह्यांना पडघ्याच्या फाट्यावरून टेम्पोत घालून आधी आपल्याच दवाखान्यात आणलं, हे तुला माहीत आहे. मी डबा घेऊन तिथेच आले होते. पोटात किती लागलंय, बरगड्या कुठे मोडल्यात, काही कळत नव्हतं. फखरुद्दीन डॉक्टर धावत आले आणि सवयीने ओरडले, "लडकू, फोटो! लवकर!"

मग ते थांबले. आम्ही सगळेच थांबलो. ज्याला हाक मारली होती तो स्ट्रेचरवर होता. हाक ह्यांना ऐकू गेली असावी, कारण ह्यांनी उठायला बघितलं.

मशीन चालू होतं. लाईट होती. फिल्मा भरलेल्या होत्या, सकाळी ह्यांनीच भरलेल्या. फक्त फोटो काढणारं दुसरं माणूस नव्हतं. ठाण्याला न्यायचं ठरलं आणि नाक्याच्या पुढे गाडी पोचली तेव्हा संपलं होतं. डॉक्टर म्हणतात फोटो निघाला असता तरी फरक पडला नसता. खरं असेल. ते मला बरं वाटावं म्हणूनही सांगत असतील. मी त्यांना पुन्हा विचारलं नाही.

पण ते उठायला बघत होते, दादा. म्हणून हेच काम. यापेक्षा जास्त कारण माझ्याकडे नाही, आणि यापेक्षा कमी कारणासाठी मी ते सोडणार नाही. पडघ्याच्या लोकांना काय सांगायचं ते आता तुला कळलं असेल. तू सांगितलं नाहीस तर वहिनी बरी झाली की मी स्वतः पडघ्याला उतरेन.

तुला राग आला तर खुशाल ये आणि समोर बोल. मी ऐकेन, आणि मग मीही बोलेन. मुकी म्हणून आता हाक मारू नको.

पाकीट बंद केलं की कंडक्टरकडे देऊन येते. दोरे कापून ठेवले आहेत, वाटीत हळद कालवली आहे. आल्यावर ते भिजवायचे आणि दारात दोरीवर एकेक करून वाळत घालायचे.

फोटोवाली,
गोदावरी लडकू